केमोथेरपीतले जुलाब आणि प्रोबायोटिक: कधी द्यावं, कधी थांबावं

प्रश्न थोडक्यात असा: आईंना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी फाइव्ह-एफयू आणि इरिनोटेकान ही औषधं असलेली केमो चालू आहे. दुसऱ्या सायकलनंतर पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, पोटात कळा येतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. छातीत पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेत औषध सोडण्यासाठी कातडीखाली ठेवलेली नळी, बसवलेला आहे. नात्यातल्या कोणीतरी प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला चांगल्या समजल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंच्या, कॅप्सूल सुचवल्या आहेत. त्या द्याव्यात का, त्याऐवजी नुसतं दही चालेल का, आणि त्यामुळे केमोचा गुण कमी तर होणार नाही?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. जुलाब चालू असताना त्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. केमोमुळे लागलेले जुलाब प्रोबायोटिकने थांबतात, असा भरवशाचा पुरावा नाही. जो काही पुरावा आहे तो जुलाब होऊ नयेत म्हणून आधीपासून घेण्याबद्दल आहे, आणि तोही उलटसुलट आहे. पुढच्या सायकलला प्रतिबंध म्हणून देता येईल का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर आईंच्या पांढऱ्या पेशी, तो पोर्ट आणि कॅप्सूलमध्ये नेमके कोणते जंतू आहेत यावर ठरतं.

कॅन्सरच्या रुग्णांच्या पचनाच्या तक्रारी सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. प्रोबायोटिकला माझा विरोध नाही, निवडक रुग्णांना मी ती देते. पण ‘नैसर्गिक आहे, फायदा झाला नाही तरी अपाय नाही’ हे वाक्य केमो घेणाऱ्या माणसाला लागू पडत नाही. का, ते नीट समजून घ्या, कारण हाच मुद्दा घरोघरी निसटतो.

लहान आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. शरीरातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी या एक. केमोची बहुतेक औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालतात आणि कॅन्सरची पेशी कोणती, आतड्याची कोणती, हे त्यांना कळत नाही. नव्या पेशी तयार होणं काही दिवस थांबतं, अन्न शोषून घेणारे बारीक उंचवटे आखूड होतात, पाणी शोषलं जाण्याऐवजी आतड्यात साचू लागतं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) याच उंचवट्यांवर असतं. त्यामुळे आयुष्यभर दूध पचवलेल्या माणसालाही केमोच्या काळात दुधाने पोट फुगतं आणि जुलाब होतात. फाइव्ह-एफयूमध्ये हे हमखास विचारावं लागतं आणि बऱ्याचदा विचारायचं राहून जातं. काही रुग्णांचे जुलाब दूध बंद केल्यावरच अर्ध्यावर येतात.

अस्तर झिजलं की दुसरी एक गोष्ट होते. आतड्यातले कोट्यवधी जंतू आणि आपलं रक्त यांच्यामध्ये असते ती एकाच पेशीच्या जाडीची भिंत. केमोनंतर ती गळकी होते. जंतूंची घडीही बिघडते: लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम गटातले जंतू कमी होतात आणि एरवी दबून राहणारे जंतू वाढतात. त्यात तापासाठी अँटिबायोटिक दिलं गेलं असेल तर पडझड आणखी वाढते. ‘चांगले जंतू’ बाहेरून भरावेत ही कल्पना इथूनच आली आणि ती वेडगळ नाही. फक्त ज्या गळक्या भिंतीसाठी ते जंतू द्यायचे, त्याच भिंतीतून ते रक्तातही उतरू शकतात.

आईंना इरिनोटेकान चालू आहे म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. या औषधाने दोन वेगवेगळ्या प्रकारचे जुलाब होतात. पहिला प्रकार सलाईन चालू असताना किंवा पहिल्या चोवीस तासांत होतो. घाम फुटतो, लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, पोटात कळ येते. यावर अॅट्रोपिन देतात आणि ते लगेच लागू पडतं. दुसरा प्रकार उशिरा येतो: तीन आठवड्यांनी एकदा औषध घेणाऱ्यांत साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास, दर आठवड्याला घेणाऱ्यांत त्याहून उशिरा. आईंचा हा दुसरा प्रकार दिसतो आणि त्यात आतड्यातल्या जंतूंचा थेट हात असतो.

इरिनोटेकानपासून शरीरात एसएन-३८ नावाचं खरं मारक रसायन तयार होतं. यकृत त्याला साखरेचा एक रेणू जोडून निष्प्रभ करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. इथपर्यंत सगळं ठीक. पण आतड्यातल्या बऱ्याच जंतूंकडे बीटा-ग्लुक्युरोनिडेज हे विकर असतं. ते जोडलेला साखरेचा रेणू तोडून खातात आणि एसएन-३८ पुन्हा मोकळं होतं, तेही थेट आतड्याच्या अस्तराला खेटून. यकृताने बांधून पाठवलेलं विष आपलेच जंतू सोडवतात. २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदरांवरचा एक अभ्यास आला. त्यात जंतूंचं हे विकर रोखणारं औषध दिल्यावर इरिनोटेकानने होणारी आतड्यांची हानी कमी झाली. जंतूंमध्ये फेरफार करून जुलाब कमी करता येतील, या आशेला त्यामुळे बळ मिळालं. काही माणसांत मुळात यकृताची ही बांधणारी यंत्रणा, म्हणजे यूजीटी१ए१ हे विकर, जन्मतः मंद असते. त्यांना त्रास जास्त होतो आणि पांढऱ्या पेशीही जास्त घसरतात. जुलाब फार तीव्र असतील तर ही जनुकीय तपासणी करावी का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. फाइव्ह-एफयू आणि त्याचं गोळीतलं रूप असलेल्या कॅपेसिटाबिनसाठी अशीच, ही औषधं शरीरात मोडणाऱ्या डीपीडी विकराची तपासणी असते. ते विकर कमी असलेल्या रुग्णाला नेहमीचा डोससुद्धा जिवावर बेतू शकतो. पहिल्या-दुसऱ्या सायकललाच तोंड, आतडं आणि पांढऱ्या पेशी हे तिन्ही एकदम कोलमडले, तर माझ्या मनात आधी हीच शंका येते. तिथे प्रोबायोटिकचा विचार करण्यातही वेळ घालवू नये.

आता पुरावा. फिनलंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे १५० रुग्ण होते, सगळे फाइव्ह-एफयूवर. ज्यांना केमोच्या पूर्ण २४ आठवड्यांत एलजीजी (लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी) हा जंतू रोज दिला, त्यांच्यात तीव्र जुलाबांचं प्रमाण २२ टक्के होतं. न दिलेल्यांत ३७ टक्के. पोटाची अस्वस्थता कमी झाली आणि केमोचा डोसही कमी वेळा घटवावा लागला. तोंडाच्या जखमांवर मात्र काही परिणाम दिसला नाही. आकडे चांगले आहेत. पण तुलनेसाठी बिनऔषधी कॅप्सूल दिलेली नव्हती, त्यामुळे आपल्याला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत होतं. जुलाब मोजायचे असतात तेव्हा याने फरक पडतो.

इरिनोटेकानचा अभ्यास स्लोव्हाकियात झाला. २०१५ मध्ये आलेल्या पहिल्या, छोट्या चाचणीत ४६ रुग्ण होते. प्रोबायोटिक घेणाऱ्या गटात तीव्र जुलाब कोणालाच झाले नाहीत, दुसऱ्या गटात १७ टक्क्यांच्या आसपास रुग्णांना झाले. ही बातमी खूप फिरली आणि आजही कॅप्सूलच्या जाहिरातींत तिचा सूर ऐकू येतो. त्यानंतर त्याच देशात दोनशेहून अधिक रुग्णांची, बिनऔषधी कॅप्सूलशी तुलना करणारी मोठी चाचणी झाली. तिचे निकाल २०२३ मध्ये आले: तीव्र जुलाब कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. पहिल्या चाचणीचा दाखला देणारा माणूस दुसरीचा उल्लेख करत नसेल, तर त्याचं म्हणणं जपून घ्या.

मधल्या काळात, २०१८ मध्ये, कॉक्रेन या संस्थेने केमो आणि रेडिएशन या दोन्हींतल्या जुलाबांवरच्या १२ अभ्यासांचा, म्हणजे दीड हजारांवर रुग्णांचा, एकत्र आढावा घेतला. पुराव्याची खात्री कमी किंवा अतिशय कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता. ओटीपोटावर रेडिएशन घेणाऱ्या रुग्णांसाठी चित्र जरा बरं आहे. कॅन्सरच्या सहायक उपचारांवर काम करणाऱ्या मास्क या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांच्यासाठी, जुलाब टाळायला, लॅक्टोबॅसिलस असलेल्या प्रोबायोटिकची सौम्य शिफारस केलेली आहे. गर्भाशयमुखाच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांनी मला विचारलं, तर माझं उत्तर तुम्हाला दिलेल्या उत्तरापेक्षा अधिक होकारार्थी असतं.

या सगळ्याचा मी लावलेला अर्थ असा. फायदा असलाच तर तो माफक आहे, ठराविक जंतूंपुरता आहे आणि आधीपासून घेतलं तर आहे. फाइव्ह-एफयूसाठी शक्यता बरी, इरिनोटेकानसाठी आज तरी नाही. असं औषध द्यायला हरकत नसते, पण एकाच अटीवर: त्याने अपाय होण्याची शक्यता त्याहून कमी असली पाहिजे. आणि केमोच्या रुग्णात ती शक्यता रोज सारखी नसते, दिवसागणिक बदलते.

केमो दिल्यावर पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी पहिली फळी, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात तळाला जातात. इरिनोटेकानचे उशिराचे जुलाब याच सुमाराला येतात आणि अस्तर सर्वांत जास्त झिजलेलं असतं तेही याच दिवसांत. म्हणजे घरच्यांना ‘आता तरी प्रोबायोटिक देऊन बघू’ असं ज्या दिवशी वाटतं, तोच दिवस जिवंत जंतू पोटात घालण्यासाठी सर्वांत वाईट असतो. मला या उत्तरात एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

धोका किती खरा आहे? निरोगी माणसात नगण्य. पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत प्रोबायोटिकमधला लॅक्टोबॅसिलस रक्तात सापडल्याच्या, त्यातून ताप आणि सेप्सिस (संसर्गाने सगळं शरीर कोलमडणं) झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्या संख्येने थोड्या आहेत. पण त्यातल्या काही लॅक्टोबॅसिलसवर व्हॅन्कोमायसिन हे हुकमी अँटिबायोटिक निसर्गतःच चालत नाही, त्यामुळे उपचाराची पहिली दिशाच चुकू शकते. बॅसिलस क्लॉसाय हे बीजाणूंच्या रूपात, छोट्या कुपीत मिळणारं प्रोबायोटिकही याला अपवाद नाही. दुबळ्या रुग्णांत त्याचाही संसर्ग नोंदला गेला आहे. म्हणून ताप आल्यावर डॉक्टरांना ‘आम्ही प्रोबायोटिक देत होतो’ हे आपणहून सांगा, कोणतं तेही सांगा. ‘ते काही औषध नाही’ म्हणून बहुतेक जण सांगत नाहीत.

सॅकरोमायसिस बुलार्डी वेगळं काढून सांगायला हवं. हा जिवाणू नाही, यीस्ट आहे, बुरशीचा भाऊबंद. साध्या जुलाबांसाठी तो सर्रास दिला जातो आणि निरोगी माणसात तो उपयोगीही आहे. पण मानेतून किंवा छातीतून मोठ्या शिरेत नळी गेलेली असेल तर त्याने रक्तात बुरशीचा संसर्ग झाल्याच्या घटना आहेत. त्यांतल्या काहींत रुग्णाने ते घेतलेलंच नव्हतं. त्याच खोलीत शेजारच्यासाठी पुडी फोडली, कण हवेत उडाले किंवा हाताला लागले आणि नळीपर्यंत पोचले. युरोपच्या औषध नियामक संस्थेने त्यानंतर स्पष्ट केलं की अत्यवस्थ, प्रतिकारशक्ती खालावलेल्या आणि मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णांना ते देऊ नये. तुमच्या आईंना पोर्ट आहे. त्यामुळे सुचवलेल्या कॅप्सूलच्या घटकांत ‘सॅकरोमायसिस’ हा शब्द दिसला तर विषय तिथेच संपला. घरात दुसऱ्या कोणासाठी ते आणलं असेल तर पुडी आईंच्या खोलीबाहेर फोडा आणि हात साबणाने धुवा.

‘अपाय नाही’ या समजाला सर्वांत मोठा धक्का कॅन्सरबाहेरच्या एका चाचणीने दिला. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या २९६ रुग्णांना प्रोबायोटिकचं मिश्रण किंवा बिनऔषधी भुकटी देण्यात आली होती. निकाल २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रोबायोटिक गटात १६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. प्रोबायोटिक गटातल्या नऊ जणांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. हे रुग्ण तुमच्या आईंपेक्षा कितीतरी अत्यवस्थ होते, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा इथे लावायचा नाही. पण आजारी, रक्त कमी पोचणाऱ्या आतड्यात जंतूंची भर टाकणं ही निरुपद्रवी गोष्ट नाही, एवढं त्यातून कळतं.

केमोचा गुण कमी होईल का, या प्रश्नाकडे येते. फाइव्ह-एफयू आणि इरिनोटेकानच्या बाबतीत अशा चाचण्यांमधून तसा इशारा पुढे आलेला नाही, त्यामुळे ही भीती बाळगू नका. इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचारांत, मात्र सावध राहावं लागतं. मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) रुग्णांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. आहारात भरपूर तंतू घेणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या प्रोबायोटिकचा तसा फायदा दिसला नाही, उलट उंदरांत त्याने उपचाराचा परिणाम घटला. पुढच्याच वर्षी मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या तीसेक रुग्णांत क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकमच्या एका ठराविक जातीने इम्युनोथेरपीला साथ दिल्याचं दिसलं. म्हणजे जंतू बदलला की परिणामही बदलला. ‘प्रोबायोटिक चांगलं की वाईट’ असा सरसकट प्रश्नच त्यामुळे फसवा ठरतो. आणखी एक: इम्युनोथेरपीवरच्या रुग्णाला जुलाब लागले तर तो आतड्याचा रोगप्रतिकारक दाह असू शकतो. त्याला वेळेवर स्टेरॉइड लागतात. तिथे घरी कॅप्सूल देऊन दोन दिवस वाट पाहणं महागात पडतं.

दह्याबद्दल. दही करणारे जंतू आणि चाचण्यांमध्ये वापरलेले जंतू एकच नव्हेत. दह्यात ते किती आहेत आणि पोटातल्या आम्लातून किती जिवंत पुढे जातात, हे दर वेळी वेगळं असतं. म्हणून दह्याला मी औषध म्हणत नाही, अन्न म्हणते. अन्न म्हणून ते चांगलं आहे: प्रथिनं मिळतात, मऊ असतं आणि जंतूंनी दुधातली साखर बरीचशी वापरलेली असल्याने दुधापेक्षा पचायला हलकं जातं. पांढऱ्या पेशी ठीक असताना, पाश्चराइज्ड दुधाचं, ताजं, स्वच्छ भांड्यातलं दही थोडं थोडं द्यायला माझी हरकत नसते. पेशी खूप खाली असतील त्या दिवसांत काय करायचं, याचे नियम प्रत्येक रुग्णालयाचे थोडे वेगळे आहेत. तुमच्या रुग्णालयाचा नियम पाळा.

तोंडाच्या जखमांविषयी एक नोंद. डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध एकत्र घेणाऱ्या दोनशे रुग्णांवर दिल्लीच्या एम्समध्ये लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस सीडी-२ या जातीच्या चघळायच्या गोळ्या तपासल्या होत्या, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तीव्र जखमा ७७ टक्क्यांऐवजी ५२ टक्के रुग्णांत झाल्या. आईंच्या औषधयोजनेशी याचा संबंध नाही, पण ‘तोंड आलंय, प्रोबायोटिक देऊ का’ असंही विचारलं जातं म्हणून सांगितलं. मळमळ आणि उलटीसाठी प्रोबायोटिकचा उपयोग नाही. बद्धकोष्ठता उलटीच्या किंवा वेदनेच्या गोळ्यांमुळे असेल तर तिचा इलाज वेगळा आहे.

आता आज काय करायचं ते. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतंय असं तुम्ही लिहिलंय. नेहमी आई किती वेळा जात होत्या, हे त्यातून वजा करा. नेहमीपेक्षा तीनपर्यंत जास्त म्हणजे सौम्य, चार ते सहा म्हणजे मध्यम, सात किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र, असं आम्ही मोजतो. इरिनोटेकानच्या उशिराच्या जुलाबांवर पहिलं औषध लोपेरामाइड आहे. बहुतेक ठिकाणी केमोसोबतच ते लिहून दिलेलं असतं, दोन गोळ्या सुरुवातीला आणि मग ठरलेल्या अंतराने एकेक. साध्या जुलाबांच्या मानाने हा डोस मोठा असतो आणि रुग्ण घाबरून अर्धाच घेतात. तुमच्या कागदावर डोस लिहिलेला असेल तर तो तसाच पाळा. नसेल तर आजच फोन करून विचारा. ताप असेल किंवा संडासातून रक्त पडत असेल तर मात्र लोपेरामाइड स्वतःहून देऊ नका, कारण संसर्ग असेल तर आतडं थांबवणं धोक्याचं ठरतं. नुकतंच अँटिबायोटिक झालं असेल तर क्लोस्ट्रिडियम डिफिसिल या, अँटिबायोटिकनंतर जुलाब लावणाऱ्या जंतूची तपासणी करावी लागते.

पाण्यासाठी ओआरएस, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवून, घोट घोट, दिवसभर. गोड शीतपेयं आणि फळांचे रस देऊ नका, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात. दूध काही दिवस पूर्ण बंद करून फरक पडतो का ते पाहा. तेलकट, तिखट आणि फार चोथ्याचं अन्न हे थोडे दिवस बाजूला. इम्युनोथेरपीत तंतू चांगले असं वर म्हटलंय, पण ते जुलाब नसतानाच्या आहाराबद्दल आहे.

रुग्णालयात ताबडतोब कधी जायचं, हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा: अंगात ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, संडासातून रक्त, चोवीस तास औषध देऊनही जुलाब न थांबणं, उलटीमुळे पाणी पोटात न राहणं, लघवी कमी होणं, उभं राहिल्यावर चक्कर, पोट घट्ट होऊन सतत दुखणं. पेशी कमी असताना ताप आणि जुलाब एकत्र आले तर रात्र असली तरी थांबू नका. न्यूट्रोफिल घसरलेल्या रुग्णात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज येऊन ती काही तासांत गंभीर होऊ शकते. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. वेळेवर आलेला रुग्ण बहुतेक वेळा सलाईन आणि अँटिबायोटिकने सावरतो, उशिरा आलेल्याला ते फार जड जातं.

हा झटका ओसरल्यावर पुढच्या सायकलआधी प्रोबायोटिकचा विषय डॉक्टरांसमोर काढा. बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्या. लेबलवर जंतूचं नुसतं घराणं नको, पूर्ण नाव आणि जातीचा क्रमांक हवा. फिनलंडच्या अभ्यासातला जंतू लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी. १९८०च्या दशकात शेरवूड गोरबाक आणि बॅरी गोल्डिन यांनी तो वेगळा केला आणि त्यांच्या आडनावांवरून जीजी हे नाव पडलं. २०२० मध्ये या घराण्याची फेरमांडणी झाली, त्यामुळे नव्या लेबलवर तोच ‘लॅक्टिकेसिबॅसिलस रॅम्नोसस’ असा दिसेल. घोटाळा होऊ देऊ नका. दहा-बारा जातींची मिश्रणं मी टाळते. काही बिघडलं तर कशाने, हे शोधता येत नाही. मिश्रणात एफओएस किंवा इन्युलिन असेल तर तेही टाळा; हे जंतूंचं खाद्य आहे आणि झिजलेल्या आतड्यात त्याने गॅस आणि जुलाब वाढतात. जंतूंची संख्या कालबाह्य होण्याच्या तारखेपर्यंत हमी दिलेली आहे की फक्त बनवतानाची, तेही वाचा. फिनलंडच्या अभ्यासात रोजची मात्रा १,००० ते २,००० कोटी जंतूंची होती.

डॉक्टर हो म्हणाले तर केमोच्या दिवसापासून सुरू करा, जुलाब लागल्यावर नाही. कॅप्सूल उघडून भुकटी करू नका, गरम पेयातून देऊ नका आणि अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. अँटिबायोटिकनंतर घडी लवकर बसावी म्हणून प्रोबायोटिक पुढे घेत राहण्यात फारसा अर्थ नाही. २०१८ मधल्या एका इस्रायली अभ्यासात निरोगी माणसांमध्ये त्याने स्वतःचे मूळ जंतू परतायला उलट उशीर झाला होता. हे जंतू तसेही पाहुणे असतात, घेणं थांबवलं की थोड्याच दिवसांत निघून जातात.

न्यूट्रोफिलची खालची रेषा कोणती, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. ५०० च्या खाली मी कोणालाही जिवंत जंतू देत नाही आणि आधी चालू असेल तर १,००० च्या खाली येताच थांबवते, कारण रिपोर्ट हातात येईपर्यंत पेशी आणखी खाली गेलेल्या असू शकतात. ताप आला तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी बंद. पोर्टला हात लावण्याच्या आधी आणि कॅप्सूल हाताळल्यावर हात धुवायचे. आईंची सायकलच्या मध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, होत नसेल, तर पेशी कुठे आहेत हे कळण्याचा मार्गच नाही. अशा वेळी माझं उत्तर ‘नको’ असं असतं. मी त्याऐवजी लोपेरामाइड वेळेवर सुरू करणं, दूध बंद करणं आणि गरज पडली तर इरिनोटेकानचा डोस थोडा कमी करणं, या तिन्हींवर भर देते. डोस कमी करण्याचा विषय निघाला तर आई घाबरतील, म्हणून आधीच सांगून ठेवा: सहन होणाऱ्या डोसवर ठरलेल्या सायकली पूर्ण करणं हाही पूर्ण उपचारच असतो. जुलाबांची तारीखवार वही घेऊन जा. कितव्या दिवशी सुरू झाले, किती वेळा, लोपेरामाइड किती दिलं, ताप किती होता, हे त्यात असेल तर डोसचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही.